सी ब्लॉकचे शंभर संडास

पुरानंतर उभ्या राहिलेल्या एका मोठ्या छावणीत मी साधारण तीन महिने वॉश कोऑर्डिनेटर होते. वॉश म्हणजे पाणी, संडास-सांडपाणी आणि हात धुण्यापासून पाळीच्या कपड्यांपर्यंतची सगळी स्वच्छता, हे सगळं एका नावाखाली. आणि कोऑर्डिनेटर म्हणजे स्वतः एकही खड्डा खणायचा नाही, एकही टँकर आणायचा नाही, पण सोळा संस्था जे खणतायत आणि आणतायत ते एकाच ठिकाणी दोनदा होत नाहीये ना आणि मधे माणसं सुटत नाहीयेत ना हे बघायचं. त्याआधी बारा वर्षं मी फिल्डवर पाण्याचंच काम केलेलं, पंप, टाक्या, क्लोरीन, त्यामुळे मला वाटलं होतं हे सहज जमेल. तसं झालं नाही. काय काय झालं ते लिहून ठेवतेय, या कामात नव्याने येणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल. छावणीचं आणि संस्थांचं नाव मुद्दाम घेत नाहीये.

आधी ही पद्धत काय आहे ते थोडक्यात, नाहीतर पुढचं कळणार नाही. २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मदतकार्यात क्लस्टर पद्धत आली, म्हणजे पाणी-स्वच्छतेचा एक गट, आरोग्याचा एक, निवाऱ्याचा एक, आणि प्रत्येक गटाला एक प्रमुख संस्था. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पाकिस्तानात भूकंप झाला तिथे ती पहिल्यांदा वापरली. जागतिक पातळीवर वॉशचं प्रमुखपद युनिसेफकडे आहे, आणि छावणी निर्वासितांची असेल तर मात्र समन्वय यूएनएचसीआर, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था, बघते. प्रमुख संस्थेवर एक जबाबदारी असते जिच्याबद्दल मीटिंगमध्ये सहसा कुणी बोलत नाही, ती अशी की एखादं काम कुणीच उचललं नाही आणि तिथे पोचता येत असेल, पैसा उभा करता येत असेल, तर शेवटी ते तिने करायचं. मला ही ओळ पाठ होती, तिचा अर्थ नंतर कळला.

हे सगळं का लागतं ते गोमाचं आठवलं की कळतं. जुलै १९९४ मध्ये रवांडातून लाखो माणसं काही दिवसांत सीमा ओलांडून आजच्या काँगोतल्या गोमाला पोचली, जमीन म्हणजे ज्वालामुखीचा खडक, खड्डा खणता येईना, प्यायला पाणी थेट किवू तलावातलं, आणि पहिल्या महिन्यातच कॉलरा आणि हगवणीनं जवळपास ५०,००० माणसं गेली. मदतीला कमीतकमी एक मापदंड हवा हा विचार त्यानंतर जोर धरून उठला आणि १९९७ पासून स्फिअरचं, म्हणजे मदतीचे किमान मापदंड ठरवणाऱ्या उपक्रमाचं, काम सुरू झालं. आज आम्ही जे आकडे तोंडपाठ म्हणतो ते तिथले. माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, एका तोटीमागे जास्तीत जास्त २५० माणसं, पाण्याची जागा ५०० मीटरच्या आत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त उभं राहायला लागू नये. संडास सुरुवातीच्या घाईत ५० माणसांना एक चालतो पण लवकरात लवकर २० माणसांना एक हवा, घरापासून ५० मीटरच्या आत हवा, आणि बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट हवेत. हे तिप्पट लोकांना पटत नाही, सगळ्यात जास्त वाद त्याच्यावर होतो.

माझी पहिली मीटिंग एका गेस्टहाऊसच्या हॉलमध्ये होती. तीसेक माणसं, दोन तास, प्रत्येक संस्थेने आपण काय केलं ते वाचून दाखवलं, इतक्या बादल्या, इतके साबण, इतकी सेशन्स, आणि दोन तासांनंतर एकही निर्णय झालेला नव्हता. सगळं इंग्रजीत. मागच्या खुर्चीवर सरकारी पाणीपुरवठा खात्याचे एक इंजिनिअर बसले होते, त्या सगळ्या भागातल्या विहिरी, पाईपलाईन ज्यांना हातावरच्या रेषांसारख्या माहीत होत्या ते, आणि ते अर्ध्यातून उठून गेले. स्थानिक संस्थांचे दोनच लोक आले होते, तेही बोलले नाहीत. मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या इंजिनिअरसाहेबांच्या ऑफिसला जाऊन बसले आणि विचारलं की मीटिंग तुमच्या इथे घेतली तर चालेल का, तुमच्या भाषेत, आम्ही भाषांतराची सोय करू, आणि अध्यक्ष तुम्ही, मी बाजूला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की या आधी कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यापासून मीटिंग तिथे, एक तास, आणि वाचून दाखवणं बंद, जे केलं ते आदल्या दिवशी शीटमध्ये भरायचं, मीटिंगमध्ये फक्त अडचण आणि निर्णय. स्थानिक संस्था दोनाच्या सात झाल्या.

आता शीट. आमच्या कामात तिला फोर डब्ल्यू म्हणतात, कोण, काय, कुठे, कधी. प्रत्येक संस्था आपली ओळ भरते, मग ब्लॉकप्रमाणे बेरीज होते आणि गरज भागली की तो ब्लॉक हिरवा होतो. सी ब्लॉक हिरवा होता. १,९०० माणसं, २० ला एक म्हणजे ९५ संडास हवेत आणि शीटवर होते १००. त्या आठवड्यात एका संस्थेकडे साठ संडासांचं सामान शिल्लक होतं आणि मी ते दुसऱ्या ब्लॉककडे वळवायची ईमेल जवळजवळ पाठवलीच होती, तेवढ्यात वाटलं एकदा चालत जाऊन बघू.

सोबत एक स्थानिक मुलगी होती भाषांतराला. पहिल्याच रांगेत पाच संडास, निळी ताडपत्री, लाकडी चौकट, प्लॅस्टिकची स्लॅब, बाहेरून बघितलं तर व्यवस्थित. मी एकाचं दार उघडलं. खड्डा स्लॅबच्या भोकापर्यंत भरलेला, वर पाणी तरंगत होतं, कारण पुरानंतर जमिनीतलं पाणीच वर आलेलं. दुसरा तसाच. तिसरा चांगला होता, पण दाराला आतून कडी नाही, नुसती एक सुतळी लोंबत होती. शेजारच्या तंबूतली एक बाई बाहेर आली, तिने ती सुतळी हातात घेऊन दाखवली आणि म्हणाली, आत गेलं की ही धरून बसायचं, दिवसा ठीक आहे, रात्री मी माझ्या मुलीला इथे पाठवत नाही. मग कुठे जाता विचारलं तर तिने पलीकडच्या बांधाकडे हात केला, पहाटे, उजाडायच्या आत, सगळ्या मिळून. त्या बांधाच्या खालच्या अंगाला चाळीसेक मीटरवर हातपंप होता.

आम्ही पूर्ण ब्लॉक मोजला. उभे असलेले संडास ४०. त्यातले १४ भरलेले, ९ मोडके किंवा आडोसा उडालेले, वापरात १७. म्हणजे एका संडासाला ११० च्या वर माणसं, आणि शीटवर तो ब्लॉक हिरवा.

शंभर आले कुठून तर एका स्थानिक संस्थेने ४० बांधले आणि भरले, तिला पैसे देणाऱ्या मोठ्या संस्थेनेही तेच ४० आपल्या ओळीत भरले, आणि तिसऱ्या एका संस्थेने २० भरले जे अजून बांधायचे होते, सामान वाटेत अडकलेलं. खोटं कुणीच बोललं नव्हतं, प्रत्येकाने आपलं खरं लिहिलं होतं, आणि तीन खऱ्यांची बेरीज खोटी झाली. ही गोष्ट मी आता प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगते.

माहिती सांभाळणारा माझा सहकारी आणि मी रात्रभर बसून शीट बदलली. खणेल तोच भरेल, पैसे देणाऱ्याचं नाव वेगळ्या कॉलममध्ये. ठरलेलं, बांधलेलं आणि आज वापरात असलेलं हे तीन वेगळे आकडे, आणि रंग फक्त तिसऱ्यावरून. शिवाय दर रविवारी दोन वेगवेगळ्या संस्थांची दोन माणसं मिळून एकेक ब्लॉक चालत मोजणार, स्वतःचा ब्लॉक स्वतः मोजायचा नाही, आणि जोडीत एक बाई असलीच पाहिजे, कारण कडी, उजेड, पाळीचे कपडे धुवायची-वाळवायची जागा या गोष्टी पुरुषांना कुणी सांगत नाही. पहिल्या रविवारनंतर अकरापैकी सात ब्लॉक हिरव्याचे लाल झाले. दोन संस्थांच्या प्रमुखांचे मला फोन आले, एकाचा फार रागाचा, की आमच्या देणगीदारांना आम्ही काय सांगायचं. मला त्यांची अडचण कळत होती, त्यांच्या लोकांनी चिखलात उभं राहून काम केलं होतं आणि आता कागदावर ते नापास दिसत होतं. मी एवढंच म्हटलं की लाल म्हणजे तुमचं काम वाईट नाही, लाल म्हणजे इथे अजून पैसे हवेत, आणि हा कागद घेऊनच आपण पैसे मागू. खरंच तसंच झालं पुढे, पण त्या दिवशी तो फोन ठेवला तेव्हा माझे हात थरथरत होते.

दुसरं प्रकरण पाण्याचं. सहाव्या आठवड्यात संध्याकाळी आरोग्य गटाच्या कोऑर्डिनेटरचा फोन आला, तीव्र पातळ जुलाबाचे पेशंट, दोन दिवसांत अकरा, कॉलऱ्याची शंका, नमुने लॅबला गेलेत. आमच्यात आधीच ठरलं होतं की रिझल्टची वाट बघायची नाही, यादी आली की लगेच नकाशावर टाकायची. तंबूंचे नंबर टाकत गेलो तसं दिसायला लागलं की अकरातले नऊ एकाच बाजूचे, आणि त्या बाजूला तीन टाक्या होत्या ज्या दुपारच्या टँकरने भरल्या जात.

पहाटे तिथल्या नळकोंडाळ्यावर गेलो. क्लोरीन बघायची साधी पद्धत आहे, छोट्या ट्यूबमध्ये पाणी घ्यायचं, डीपीडीची गोळी टाकायची, हलवायचं, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं आणि बाजूच्या रंगपट्टीशी जुळवून आकडा वाचायचा. तोटीला लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलीग्रॅम तरी शिल्लक असलं पाहिजे. मी ट्यूब हलवली आणि उजेडासमोर धरली. काहीच नाही. पाणी तसंच, पांढरं स्वच्छ. परत केली, परत तेच. मग पलीकडच्या ब्लॉकला गेलो तर तिथे गडद गुलाबी. नदी एक, टँकर भरायची जागा एक, आणि दोन तोट्यांमध्ये एवढा फरक.

भरायच्या जागी जाऊन बघितलं तर सकाळी एक संस्था टँकर लावते, दुपारी दुसरी. पहिलीकडे एचटीएच नावाची जास्त तीव्र क्लोरीन पावडर होती, तिच्यात क्लोरीन ६५ ते ७० टक्के. दुसरीचं संपलेलं म्हणून त्यांनी ब्लीचिंग पावडर आणली, ज्यात नवी असली तर तीसेक टक्के असतं आणि उघड्या पोत्यात, दमट हवेत पडून राहिली की आणखी उतरतं. आणि माप एकच, शेजारच्यांना बघून घेतलेला तोच चमचा. त्यात दुपारी पंपाचं तोंड गाळात जायचं, पाणी गढूळ यायचं, आणि गढूळ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. दुपारी ड्युटीवर असलेला पोरगा अगदी मनापासून चमचे मोजून टाकत होता. त्याला जेव्हा कळलं की त्याच्या टँकरच्या पाण्याने लोक आजारी पडले असतील तेव्हा तो खाली बसला आणि रडायला लागला. त्याची काहीच चूक नव्हती. दोन संस्था सहा आठवडे एकाच नदीकाठी शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि पोत्यावरचा टक्का एकमेकांना विचारायचा असतो हे ठरवून देणं माझं काम होतं, ते मी केलं नव्हतं.

त्याच दुपारी झाडाखाली उभ्याउभ्या मीटिंग झाली, दोन्ही संस्था, इंजिनिअरसाहेब, टँकरवाले. ठरलं ते असं की पावडर थेट टँकरमध्ये कुणीच टाकायची नाही. एकाच ड्रममध्ये एक टक्क्याचं द्रावण बनवायचं, २० लिटरला एचटीएच असेल तर साधारण २९० ग्रॅम आणि ३० टक्क्यांची ब्लीचिंग असेल तर साधारण ६७० ग्रॅम, दोन्ही तक्ते मोठ्या अक्षरात ड्रमवर चिकटवले. मग पावडर कुठलीही असो, १०,००० लिटरच्या टँकरला त्या द्रावणाचे २ लिटर, म्हणजे लिटरमागे २ मिलीग्रॅमचा डोस. गढूळ असेल तर आधी तुरटी टाकून गाळ खाली बसू द्यायचा, मगच क्लोरीन, अर्धा तास थांबायचं, ट्यूब गुलाबी झाली की टँकर सोडायचा, नाही झाली तर नाही सोडायचा. टँकर कुणाचाही असो, ट्यूब हातात असलेल्या माणसाचा शब्द शेवटचा.

तोटीला बरोबर आलं तरी घरात काय होतं हा पुढचा प्रश्न. संध्याकाळी तंबूंमध्ये जाऊन बादल्यांतलं पाणी तपासलं तर सकाळचं ०.५ तोपर्यंत शून्य झालेलं, उन्हात तापलेली उघडी बादली, त्यात पोरांचे हात. म्हणून साथ आटोक्यात येईपर्यंत तोटीला १ च्या आसपास ठेवायचं ठरवलं, डब्ल्यूएचओची वरची मर्यादा लिटरमागे ५ मिलीग्रॅम आहे त्यामुळे धोका नव्हता, पण वास येतो म्हणून लोक कुरकुरले आणि काही परत नदीवर जायला लागले. इथे लक्षात आलं की लोकांना सांगणारे आमचे स्वयंसेवकही संस्थेप्रमाणे वेगवेगळं सांगतायत, कुणी म्हणतं उकळा, कुणी म्हणतं गोळी टाका, कुणी म्हणतं आमचं पाणी आहे तसं प्या. एका आजीने तर आमच्या क्लोरीनवाल्या पाण्यात दोन संस्थांनी दिलेल्या दोन्ही गोळ्या टाकल्या होत्या आणि त्या वासाने तिला उलटी झाली. सगळ्या स्वयंसेवकांना एका दिवसात एकत्र बसवलं, तीन वाक्यं ठरवली, सगळ्यांनी तीच सांगायची. किटचंही तसंच, कुणी झाकणाची बादली देतंय कुणी बिनझाकणाची, एका रांगेला माणशी २५० ग्रॅम अंगाचा साबण, पुढच्या रांगेला निम्मा, त्यावरून भांडणं. ते किट एकसारखं करायला मात्र तीन आठवडे गेले, प्रत्येकाची खरेदी आधीच झालेली होती.

लॅबने कॉलरा असल्याचं सांगितलं. नवे पेशंट दोन आठवडे येत राहिले, मग कमी होत थांबले. दोन माणसं गेली, त्यातलं एक चार वर्षांचं मूल होतं.

राहिला मैला. बांधायला सगळे तयार असतात, उपसायला कुणी नसतं, कारण प्रोजेक्ट तीन महिन्यांचा आणि त्यात उपशाची ओळच नसते. २०१७ मध्ये बांगलादेशात कॉक्स बझारला रोहिंग्या छावण्यांमध्ये घाईघाईने डोंगरउतारावर उथळ संडास आणि उथळ बोअर शेजारी शेजारी झाले आणि नंतर कित्येक बंद करून दुसरीकडे घ्यावे लागले, हे मी मीटिंगमध्ये तीनदा सांगितलं, सगळे माना हलवायचे आणि विषय पुढच्या आठवड्यावर जायचा. शेवटी मला ती पाठ असलेली ओळ आठवली आणि मी ज्या संस्थेकडून आले होते तिच्याच प्रमुखांना पत्र लिहिलं, की कुणी उचलत नाहीये, म्हणजे हे आता आपलं आहे. पहिलं उत्तर आलं की बजेट नाही. मी परत लिहिलं, रविवारच्या मोजणीचे आकडे आणि कॉलऱ्याचा नकाशा जोडून. मग सगळ्या संस्थांना पैसे मागता येतात त्या सामायिक निधीत प्रस्ताव गेला, आणि त्यावर चर्चा झाली तेव्हा मी खोलीबाहेर जाऊन बसले, प्रस्ताव आमच्याच संस्थेचा आणि अध्यक्षांशेजारची खुर्चीही माझी असं चालणार नव्हतं. बाकीच्यांनी तो मंजूर केला. मला वाटतं मी बाहेर गेले म्हणून केला.

मैला नेऊन टाकायचा कुठे याचं उत्तर आमच्या कुणाकडेच नव्हतं, सॅटेलाइट नकाशे सगळ्यांकडे होते तरी. इंजिनिअरसाहेबांनी पेन्सिलने एक जागा दाखवली, उंचावरची, पुरातही कोरडी राहिलेली, आणि त्यांनी स्वतः सोबत येऊन खड्डा खणून पाणी किती खाली आहे ते बघितलं. तळ भूजलाच्या दीड मीटर तरी वर पाहिजे आणि पाण्याची जागा किमान ३० मीटर लांब, तिथे दोन्ही बसत होतं. चुना टाकून पीएच १२ च्या वर नेऊन मग पुरायचं असं ठरलं. सी ब्लॉकमधले नवे संडास जमिनीवर चौथरा करून उंच बांधले, आणि प्रत्येक दाराला आतून कडी. ती सुतळीवाली बाई रविवारच्या मोजणीला येऊ लागली होती, कडी ती स्वतः लावून ओढून बघायची.

माझ्या शेवटच्या रविवारी सी ब्लॉकमध्ये वापरातले संडास ७१ निघाले. हवे होते ९५, अजून २४ कमी, रंग पिवळा. सोमवारी मी सगळ्या फायली इंजिनिअरसाहेबांच्या टेबलावर ठेवल्या, क्लस्टर आता त्यांच्या खात्याकडे जाणार होता. त्यांनी बाकी कागद बाजूला केले, शीट उघडली, सी ब्लॉकच्या ओळीभोवती पेनाने गोल केला आणि विचारलं, मैल्याच्या गाडीवरचा ड्रायव्हर कोण आहे, त्याचा नंबर तुमच्याकडे आहे का. मी दिला. त्यांनी तिथूनच फोन लावला.